आठवीच्या चार याद्या : शाळा व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य

विषय : इयत्ता आठवीच्या तुकड्या गुणानुक्रमे पाडण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात सूचना फलकावर आठवीच्या चार याद्या लागल्या. सातवीच्या वार्षिक परीक्षेचे गुण उतरत्या क्रमाने लावायचे, सगळ्यांत वरची मुले 'अ'मध्ये, त्यांच्या खालची 'ब'मध्ये, असे करत तळाला उरतील ती 'ड'मध्ये. प्रत्येक नावापुढे टक्केवारीही छापलेली. संध्याकाळपर्यंत याद्यांचे फोटो पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरले. 'अ'च्या फोटोखाली अंगठे, पुष्पगुच्छ, 'अभिनंदन सर्वांचे'. 'ड'च्या फोटोखाली कोणी काही टाकले नाही. त्या यादीतल्या बहुतेकांचे पालक ग्रुपवर नाहीतच, एवढेच त्यातल्या त्यात बरे.

गेल्या वर्षापर्यंत पाचवीत प्रवेशाच्या क्रमाने पडलेल्या तुकड्या तशाच दहावीपर्यंत जात. या वर्षी आपण ते बदलले आणि नव्या तुकड्याही दहावीपर्यंत कायम राहतील असे जाहीर केले. मी मुख्याध्यापकांना भेटले, लेखी अर्ज दिला. अर्जाची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून आता जे म्हणायचे ते चारचौघांत म्हणते. शाळेचे नाव लिहीत नाही. ज्यांच्यासाठी लिहिले आहे त्यांना ते कळेल. इतर वाचकांनी आपापल्या गावातली शाळा डोळ्यांसमोर आणली तरी फारसे चुकणार नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. माझा मुलगा 'अ'मध्ये आहे. "मग ताई, तुमची तक्रार काय?" हे मला मुख्याध्यापकांच्या खोलीत विचारले गेले आणि बाहेर जिन्यात दोन पालकांनीही विचारले. तक्रार ही आहे. पाचवीपासून माझा मुलगा आणि त्याचा एक मित्र एका बाकावर बसत आले. मित्र वस्तीवरचा, आईवडील ऊसतोडीला जाणारे. आमच्या घरातला बिघडलेला टेबल फॅन या मुलाने मे महिन्यात उघडून, पुसून, वायर जोडून चालू केला. जुलैत विज्ञान प्रदर्शनाचा विषय निघाला. याला बरोबर घे की, असे मी म्हणाले. तर माझा मुलगा पोळी मोडता मोडता म्हणाला, "तो 'ड'मधला आहे गं. त्याला नाही जमणार." कुचेष्टा नव्हती त्यात. बसची वेळ सांगावी तसे सांगितले त्याने. हे त्याला घरात कोणी शिकवलेले नाही. ते फलकाने शिकवले, आणि फलक आपला आहे.

मी अध्यापक विद्यालयात बालमानसशास्त्र शिकवते. माणूस दुसऱ्याविषयी आणि स्वतःविषयी मत कसे बनवतो, हा आमच्या अभ्यासक्रमातला एक घटक असतो. आपल्या शाळेतले काही शिक्षक माझ्याच वर्गात बसून गेले आहेत. वलय परिणामावर, म्हणजे एका गुणावरून सगळ्या माणसाविषयी मत बनवण्याच्या सवयीवर, त्यांनी पाच गुणांची टीप लिहिली आहे आणि मी ती तपासली आहे. तेव्हा इथून पुढे जे लिहिते त्यातले बरेचसे त्यांनी ऐकलेले आहे. फलकाच्या बाबतीत त्याचा उपयोग का झाला नाही, ते त्यांनाच विचारावे.

पहिला आक्षेप त्या टक्केवारीवरच आहे.

आपला तालुका बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातला. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोड मजूर जमवणाऱ्या मुकादमाच्या टोळ्या निघतात. सांगली, सातारा, कोल्हापूर, काही थेट बेळगावकडे. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत कोयता चालवायचा. ज्यांच्या घरी म्हातारे माणूस असते त्यांची मुले मागे राहतात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची बरोबर जातात. फडाजवळच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाणी भरणे, वाढे बांधणे, आणि तेरा वर्षांचा मुलगा असेल तर मोळ्या गाडीपर्यंत नेणे. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपतो, टोळ्या परततात, आणि मूल थेट वार्षिक परीक्षेच्या तोंडावर वर्गात येऊन बसते. दुसरे सत्र त्याने पाहिलेलेच नसते. त्याच्या गणिताच्या पेपरला ३१ गुण मिळाले, तर ते ३१ कशाचे आहेत? जे त्याला शिकवलेच नाही त्याचे माप आपण त्याच्या डोक्याच्या खात्यावर मांडले.

'ड'ची यादी हजेरीपटाशेजारी ठेवून पाहा. मी मुख्याध्यापकांना तेवढेच सुचवले होते. दुसऱ्या सत्रात सलग गैरहजर असलेली मुले कोणत्या तुकडीत गेली, हे मोजायला एक दुपार पुरेल. मोजून जो आकडा येईल तो पालक सभेत सांगा. माझा अंदाज चुकला, तर मी हा आक्षेप तिथेच सोडून देईन.

परिस्थितीचा दोष माणसाच्या स्वभावावर टाकायची ही खोड आपल्या शाळेपुरती नाही. अमेरिकेत १९६७ साली एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूने किंवा विरुद्ध लिहिलेले निबंध वाचायला दिले आणि लिहिणाऱ्याचे खरे मत काय असेल ते विचारले. काही वाचकांना स्पष्ट सांगितले होते की बाजू लिहिणाऱ्याने निवडलेली नाही, ती त्याला नेमून दिली होती. एवढे सांगूनही वाचकांचा कौल असाच पडला की बाजूने लिहिणारा मनातूनही बाजूचाच असणार. म्हणजे सक्ती माहीत असून ती हिशेबात धरली गेली नाही. आपल्यालाही ऊसतोड माहीत आहे. आपल्यापैकी काहींच्या घरात मुकादमकी आहे, हेही गावाला माहीत आहे. तरी यादी करताना ती हिशेबात आली नाही. आणि हीच माणसे स्वतःबद्दल बोलताना किती उदार असतात! शाळेचा दहावीचा निकाल खाली आला तेव्हा वार्षिक अहवालात कारणे होती शिक्षकांची रिक्त पदे, निवडणुकीची कामे, पावसाने बुडालेले दिवस. सगळी खरी कारणे होती. तेवढीच मुभा मुलांना द्या.

दुसरा आक्षेप गुण देण्याच्या पद्धतीवर. हा थोडक्यात मांडते. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर परीक्षकाला विद्यार्थ्याचे नाव दिसत नाही. आपल्या सातवीच्या उत्तरपत्रिकेवर मात्र संपूर्ण नाव असते आणि तपासणारा शिक्षक त्या मुलाला, त्याच्या बापाला, त्याच्या वस्तीला ओळखत असतो. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी भारतातच एक अभ्यास केला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर वय, लिंग आणि जात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कशीही लावून दिली आणि त्या उत्तरपत्रिका शिक्षकांकडून तपासून घेतल्या. ज्या पेपरवर खालची समजली जाणारी जात पडली त्याला थोडे कमी गुण मिळाले. फरक लहान होता, पण होता. आणि तो उच्चवर्णीय शिक्षकांच्या नव्हे, मुख्यतः त्याच जातींमधल्या शिक्षकांच्या तपासणीत दिसला. हे मुद्दाम सांगते, कारण 'आमच्याकडे सगळ्या समाजाचे शिक्षक आहेत' हे उत्तर मला आधीच मिळालेले आहे. चार-दोन गुणांनी एरवी काही बिघडत नाही. आपण मात्र एकेका टक्क्यावर तुकडीची रेघ ओढली. 'ब'मधला शेवटचा आणि 'क'मधला पहिला यांच्यात किती अंतर आहे ते यादीतच वाचून घ्यावे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत मोठा आहे. तुकडी पाडली की वर्गात तिथून पुढे काय घडते?

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या एका शाळेचा अभ्यास रे रिस्ट यांनी १९७० साली प्रसिद्ध केला. गरीब वस्तीतली शाळा, सगळी मुले कृष्णवर्णीय, बाईही कृष्णवर्णीय. बालवर्गाच्या आठव्या दिवशी बाईंनी मुलांना तीन टेबलांवर कायमच्या जागा दिल्या. कोणतीही परीक्षा घेतलेली नव्हती. पहिल्या टेबलावर नीटनेटक्या कपड्यांतली, बाईंसारखी भाषा बोलणारी, बऱ्या घरची मुले आली. ती बाईंच्या जवळ. मागच्या टेबलांवर मळके कपडे, गप्प राहणारी, सरकारी मदतीवरच्या घरांतली. पुढे बाईंचे शिकवणे पहिल्या टेबलाकडे तोंड करून होऊ लागले. प्रश्न त्यांनाच, शाबासकी त्यांनाच. वर्ष संपले तेव्हा मागची मुले खरोखरच मागे होती, आणि आता पुढच्या बाईंच्या हातात त्यासाठी नोंदीही होत्या. दुसरीत गेल्यावर गटांना नावे मिळाली : वाघ, कार्डिनल पक्षी आणि विदूषक. विदूषकांमधून वाघांमध्ये कोणी पोहोचले नाही. पहिल्या टेबलावरची मुले मागच्यांना हिणवायला तर बालवर्गातच शिकली होती.

मी हा अभ्यास दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी कोणीतरी प्रशिक्षणार्थी म्हणतो, "मॅडम, बाई वाईट होत्या." वाईट नव्हत्या. त्यांना वर्ग आवरायचा होता.

रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांचा १९६८ चा प्रयोग बहुतेक शिक्षकांना पाठ असतो. वाटेल तशी निवडलेली काही मुले 'यंदा झेप घेतील' असे शिक्षकांना सांगितले आणि ती मुले बुद्धिमापनात पुढे गेली. त्यावर नंतर पुष्कळ वाद झाला. परिणाम मुख्यतः पहिली-दुसरीतच दिसला होता, आणि पुढे इतरांनी केलेल्या अभ्यासांत तो बराच लहान निघाला. तेव्हा शिक्षकाच्या अपेक्षेने चमत्कार होतो, असे मी म्हणणार नाही. आपल्या शाळेत त्या प्रयोगाची गरजही नाही, कारण इथे नुसती अपेक्षा बदललेली नाही. वेळापत्रक बदलले आहे. सेमी इंग्रजी फक्त 'अ'ला. गणित-विज्ञानाचे अनुभवी शिक्षक 'अ' आणि 'ब'ला. 'ड'ला विज्ञान शिकवायला तासिका तत्त्वावरचे शिक्षक, तेही आठवड्यातले काही दिवस, बाकी ऑफ तास. प्रयोगशाळेच्या वेळापत्रकात 'ड'चे नाव मला सापडले नाही. ही मुले तीन वर्षांनी मागे पडली, तर त्यात मानसशास्त्राचे गूढ काहीच असणार नाही.

केंद्र सरकारच्या एनएमएमएस शिष्यवृत्तीचेच पाहा. आठवीत ही परीक्षा होते. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ती आहेच मुळी साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांसाठी. सातवीला ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना त्यातही सवलत आहे. 'ब' आणि 'क'मध्ये या अटीत बसणारी मुले ढीगभर असतील. परीक्षेची सूचना मात्र वाचली गेली 'अ'च्या वर्गात, जिथे माझ्या मुलासह अनेकांच्या घरचे उत्पन्न त्या मर्यादेच्या वर आहे. कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. शिष्यवृत्ती हा शब्द ऐकला की पाय आपोआप 'अ'कडे वळतात, एवढेच. तक्रारही तीच आहे.

आता मुलांच्या मनाचे. इथे मला जपून लिहायचे आहे, कारण 'मुलांवर परिणाम होतो' हे वाक्य पालक सभेत इतक्यांदा उच्चारले जाते की ते आता कोणाच्या कानात शिरत नाही.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलग्यांना कागदावरच्या भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. ३२१ मुलगे उच्च जातींतले, ३२१ दलित. सुटेल त्या कोड्याला पैसे. जात कोणी उच्चारली नाही तेव्हा दोन्ही गट सारखेच निघाले. दुसऱ्या गटांमध्ये कोडी देण्याआधी प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, जात मोठ्याने वाचून दाखवली. बाकी सगळे तेच : तीच कोडी, तेवढाच वेळ, तेच पैसे. दलित मुलांची सुटलेली कोडी सुमारे पाचव्या हिश्श्याने घटली. त्यांना कोणी अपमानकारक शब्द वापरला नव्हता. त्यांना माहीत नव्हते असे काही नवीनही सांगितले नव्हते. ते फक्त सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले गेले.

आपल्या फलकावर जात लिहिलेली नाही, हे मान्य. पण आपल्या तालुक्यात ऊस तोडायला कोणत्या घरांतून माणसे जातात आणि कोणत्या घरांतून जात नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे. 'अ' आणि 'ड'च्या यादीतली आडनावे वाचली की बाकीचे मला लिहावे लागणार नाही.

तेरा-चौदाचे वय असे असते की मी कोण, याचा निकाल मूल रोज लावत असते आणि साक्षी बाहेरून गोळा करत असते. सर आपल्याला प्रश्न विचारतात की नाही. स्नेहसंमेलनात निवेदन कोणत्या तुकडीकडे जाते. मैदानावर संघ पाडताना काय म्हणतात. मुलाला कमी गुण पडले तर त्याचे 'मी अभ्यास केला नाही', 'मी शाळेत नव्हतो', 'पेपर अवघड होता' असे अनेक अर्थ निघू शकतात आणि त्यातल्या प्रत्येकातून पुढे वाट आहे. 'मी 'ड' आहे' यातून वाट नाही. माझ्या मुलाचा तो मित्र आता आमच्याकडे येत नाही. त्याच्या आईने मला बाजारात सांगितले, तो म्हणतो दहावीपर्यंत कशाला थांबायचे, यंदाच बरोबर येतो. एक जादा हात म्हणजे उचल वाढते, हे तिलाही कळते. तरी तिने ते मला थांबून सांगितले.

'अ'मधल्या मुलांबद्दल दोन शब्द, म्हणजे माझ्या घरातल्या मुलाबद्दल. वर्गशिक्षक त्यांना रोज सांगतात की तुम्ही शाळेची क्रीम आहात. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवल्यावर काहींना म्हटले 'हुशार आहेस', काहींना म्हटले 'मेहनत घेतलीस'. नंतर सगळ्यांना मुद्दाम फार अवघड कोडी दिली, मग पुन्हा पहिल्यासारखी सोपी. हुशार ठरवलेल्या मुलांची सोपी कोडीही आता आधीपेक्षा कमी सुटली. आणि आपले गुण दुसऱ्या एका अनोळखी मुलाला कागदावर लिहून कळवा म्हटल्यावर त्यांच्यातल्या सुमारे ४० टक्के मुलांनी गुण वाढवून लिहिले. मेहनतीचे कौतुक झालेल्यांमध्ये असे करणारे फार थोडे होते. माझ्या मुलाने या महिन्यात घटक चाचणीची उत्तरपत्रिका घरी दाखवली नाही. पूर्वी दाखवत असे, कमी गुणांची सुद्धा. मी यावरून मोठा सिद्धांत मांडत नाही. पण मला हे आवडलेले नाही.

आता आपली बाजू. मला जी उत्तरे मिळाली ती दोन. पालकांचीच मागणी आहे, हे एक. कोणत्या पालकांची? ज्यांची मुले 'अ'मध्ये येतील असे त्यांना खात्रीने ठाऊक होते त्यांची. 'ड'च्या पालकांना विचारायला सभा मे महिन्यात घ्यायला हवी होती, ते तेव्हा गावात होते. मागणीचा कागद मी पाहिला आहे. त्यावर अंगठा एकही नाही.

दुसरे उत्तर असे की एकाच वर्गात पुढची आणि मागची मुले असली की शिक्षकाला कोणालाच धड शिकवता येत नाही. हे उत्तर खरे आहे. मी ते उडवून लावणार नाही. आठवीत परिच्छेद न अडखळता वाचता न येणारी मुले आपल्याकडे आहेत आणि त्यांच्यासमोर समीकरणे सोडवणे ही दोघांचीही शिक्षा आहे. इतकेच नव्हे, मुलांना पातळीप्रमाणे विभागल्याने फायदा होतो असे दाखवणारा भक्कम अभ्यासही आहे. एस्थर डुफ्लो, पास्कलीन डुपा आणि मायकल क्रेमर यांनी पश्चिम केनियातल्या १२१ शाळांत तो केला. ज्या शाळांत पहिलीचे वर्ग पातळीनुसार विभागले तिथे वरच्या मुलांचेही गुण वाढले आणि खालच्यांचेही. मग मी भांडते कशासाठी? कारण तिथे कोणत्या वर्गाला कोणता शिक्षक जाणार, हे चिठ्ठ्या टाकून ठरवले होते. चांगला शिक्षक वरच्यांना आणि उरलेला खालच्यांना, असे झाले नाही. आणि खालच्या वर्गाच्या शिक्षकाने शिकवणे मुलांच्या पातळीवर आणले. आपण केनियातले फक्त विभागणे घेतले आणि ज्यामुळे फायदा झाला ते तिथेच ठेवले.

आपल्याला इतके लांब जायचीही गरज नाही. मुंबईत १९९५ च्या सुमारास सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेची पद्धत आपल्या शिक्षकांनी प्रशिक्षणात पाहिलेली आहे. मुलाला अक्षर वाचता येते की शब्द, परिच्छेद की गोष्ट, हे काही मिनिटांत पाहायचे. दिवसातला ठरावीक वेळ इयत्ता बाजूला ठेवून त्या पातळीच्या गटात शिकवायचे. वाचता यायला लागले की गट बदलला. उरलेला दिवस मूल आपल्या वर्गात, आपल्या मित्रांबरोबर. गणितात एका गटात असलेला मुलगा मराठीत दुसऱ्या गटात असू शकतो. तिथे गट कामाचा असतो. आपण मुलाचाच गट ठरवला, सगळ्या विषयांना मिळून एकच, आणि तीन वर्षांसाठी.

शिक्षणहक्क कायद्याची आठवण द्यावी लागावी याचे वाईट वाटते. २००९ च्या या कायद्याचे कलम १७ मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई करते. कलम २९ मध्ये मूल्यमापन आणि अभ्यासक्रमाने मुलाला भीती, आघात आणि चिंतेपासून मुक्त ठेवावे असे म्हटले आहे. गुणांसकट यादी चौकात लावणे यात कुठे बसते, ते समितीने ठरवून मला लेखी कळवावे.

माझ्या मागण्या अशा :

१. चारही याद्या फलकावरून काढाव्यात. इथून पुढे कोणत्याही मुलाचे गुण फलकावर किंवा ग्रुपवर जाहीर करू नयेत. प्रगतिपत्रक मुलाच्या पालकाच्या हातात द्यावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना बसवून समजावून सांगावे.

२. आठवीच्या तुकड्या दुसऱ्या घटक चाचणीच्या आत मिश्र कराव्यात. चिठ्ठ्या टाकून करा, जन्मतारखेने करा, कशाने करायच्या ते आपण ठरवा. गुणांनी नको.

३. तोपर्यंत आणि नंतरही विज्ञान-गणिताचे शिक्षक तुकड्यांमध्ये फिरते ठेवावेत. प्रयोगशाळेचे वेळापत्रक चारही तुकड्यांचे असावे. सेमी इंग्रजी ज्याला हवे त्याला मागता यावे, त्यासाठी टक्केवारीची अट नको.

४. वाचन आणि गणिताच्या पायाभूत तयारीसाठी रोज एक तास पातळीनुसार गट करावेत. दर सहा-आठ आठवड्यांनी मूल कुठे पोहोचले ते पाहून गट बदलावेत. या कामात माझ्या विद्यालयाचे छात्राध्यापक सरावपाठ म्हणून मदत करायला तयार आहेत. प्राचार्यांशी बोलणे झाले आहे. खर्च शून्य.

५. हंगामात स्थलांतर करणाऱ्या मुलांचे मूल्यमापन त्यांनी प्रत्यक्ष शिकलेल्या भागावर करावे. परत आल्यावर परीक्षेआधी त्यांच्यासाठी बुडालेला भाग भरून काढणारे जोडवर्ग घ्यावेत. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव या वर्षी वेळेत पाठवावा.

६. वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी क्रमांक असावा आणि तपासणीसाठी तुकड्यांची अदलाबदल करावी.

७. एनएमएमएसची सूचना चारही वर्गांत पुन्हा वाचावी आणि पात्र मुलांची यादी वर्गशिक्षकांकडून मागवून घ्यावी. फॉर्म भरायला दाखले लागतात, तलाठ्याकडे खेपा होतात, त्याला वेळ द्यावा.

८. शिक्षक खोलीत आणि वर्गात 'ढ', 'ड गँग', 'क्रीम' हे शब्द बंद व्हावेत. याला आदेशाची गरज नाही, मुख्याध्यापकांनी एकदा बोलले तरी पुरेल.

यातल्या काही मागण्यांना वेळ लागेल, हे मी जाणते. पहिलीला लागत नाही. तिला एक शिपाई आणि एक स्टूल लागते.

मला असेही सुचवले गेले की विषय वाढवू नका, तुमच्या मुलाला पुढच्या वर्षी 'अ'मध्ये ठेवायचे तर शाळेशी बरे राहा. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला असावा. त्यांना सांगते की मिश्र तुकड्या झाल्या तर माझा मुलगा जिथे पडेल तिथे बसेल. त्याच्या वडिलांचेही हेच म्हणणे आहे. मुलाला आम्ही हे पत्र वाचून दाखवले. त्याला ते फारसे आवडलेले नाही, विशेषतः पोळीचे वाक्य. ते काढू का, असे मी विचारले. थोडा वेळ गप्प बसून तो म्हणाला, राहू दे.

पालक सभा ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी आहे. हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि सभेची सूचना 'क' आणि 'ड'च्या पालकांना ग्रुपवर नव्हे, मुलांच्या हाती चिठ्ठीने किंवा फोन करून द्यावी. शनिवारचा बाजार असतो, म्हणून वेळ सकाळची ठेवावी. सभेला जे ठरेल ते दसऱ्याच्या आत अमलात यावे. त्यानंतर घेतलेला निर्णय ज्यांच्यासाठी घ्यायचा, ती मुले ऐकायला इथे नसतील.

लेखी उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
आठवी 'अ'मधल्या एका विद्यार्थ्याची आई

प्रत माहितीसाठी : मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती